बॅटीची मूठ आणि तिच्यावरील रबर

क्रिकेटच्या बॅटीविषयीं बोलणारा मनुष्य बहुधा तिच्या पात्याविषयीं बोलतो. लांकूड इंग्लंडांतील विलोचें कीं काश्मीरच्या विलोचें, त्यावर रेषा किती, वजन किती, चेंडू लागल्यावर आवाज कसा येतो, या प्रश्नांवर दुकानांत तासच्या तास चर्चा चालते. परंतु खेळाडूच्या हाताचा पात्याशीं प्रत्यक्ष संबंध असा येतच नाहीं. तो येतो दांड्याशीं. आणि दांड्याशीं तरी कसला? दांड्यावर चढविलेल्या रबराच्या एका पातळ नळीशीं! मुलें जिला ग्रिप म्हणतात ती ही नळी वजनानें सुमारें ५० ग्रॅम भरते, आणि बॅटीच्या किंमतीच्या मानानें तिची किंमत अगदींच क्षुल्लक असते. तरीहि हातांतील सारा जोर आणि सारें कौशल्य पात्यापर्यंत पोंचतें तें हिच्याच द्वारें. ही नळी कशी निवडावी, केव्हां बदलावी आणि घरच्याघरीं कशी बदलावी, एवढेंच आजच्या भाषणांत सांगावयाचें योजिलें आहे.

विषय लहान आहे, हें खरें. पण शाळेंतील क्रिकेटच्या सामानाचें कपाट बरींच वर्षें माझ्या ताब्यांत होतें, आणि त्या अनुभवावरून दोन गोष्टी खात्रीनें सांगतां येतात. पहिली ही कीं, निकामी म्हणून कोपऱ्यांत पडलेल्या बॅटींपैकीं कित्येकींचें पातें निरोगी असे. बिघडलेली असे ती केवळ मूठ. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ‘हा मुलगा बॅट नीट धरीत नाहीं’ असा शेरा ज्याच्यावर बसे, त्याच्या हातांत पुष्कळदां त्याच्या हाताला न मानवणारी मूठ दिलेली असे. मुलाला दोष द्यावयाचा आणि मुठीकडे पहावयाचेंहि नाहीं, हा न्याय नव्हे. शिवाय, घामानें निसटलेली बॅट हातांतून सुटून जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या किंवा पंचाच्या अंगावर जाऊं शकते. तेव्हां प्रश्न केवळ धांवांचा नाहीं. मुलांच्या हाताचा, संवयींचा आणि दुसऱ्याच्या डोक्याचाहि आहे.

रबराकडे वळण्यापूर्वीं त्याच्या आंत काय आहे तें पाहूं. अगदीं आरंभीच्या बॅटी एकाच लांकडाच्या तुकड्यांतून कोरलेल्या असत. वेगवान चेंडू पात्यावर आदळला कीं त्याचा धक्का लांकडांतून सरळ हातांत येई, आणि दांडाहि लवकर मोडे. पुढें एकोणिसाव्या शतकांत दांडा वेगळा करून पात्यांत सांधण्याची रीति रूढ झाली. नॉटिंगहॅमकडील टॉमस निक्सन या खेळाडूनें १८५३ च्या सुमारास दांड्यासाठीं वेत वापरण्यास आरंभ केला. आणि आज दिसणारा निमुळत्या सांध्याचा वेताचा दांडा १८८० नंतरच्या दशकांत चार्ल्स रिचर्डसन यानें प्रचारांत आणला, असें मानलें जातें. हा रिचर्डसन म्हणजे प्रसिद्ध इंजिनिअर ब्रूनेल याचा शिष्य आणि इंग्लंडांतील सेव्हर्न नदीखालून जाणाऱ्या रेल्वेच्या बोगद्याचा पहिला प्रमुख इंजिनिअर. बोगदे खणणाऱ्या बुद्धीनें बॅटीचा सांधाहि सोडविला, ही मौजेची गोष्ट आहे!

आजचा दांडा उभा चिरून पाहिला तर त्यांत वेताच्या अनेक पट्ट्या सरसानें एकमेकींस चिकटविलेल्या दिसतात. मधूनमधून रबराची किंवा बुचाची पातळ पट्टी असते. वेत लवतो, मधली पट्टी धक्का गिळते, आणि वरून घट्ट गुंडाळलेला दोरा या सर्वांना एकत्र बांधून ठेवतो. या दोऱ्यावर जें शेवटचें आवरण, तें आपलें रबर. म्हणजे रबर हा मुठीचा केवळ अंगरखा आहे. आंतला देह निराळा. अंगरखा बदलतांना देहाची प्रकृति पाहून घ्यावी, हें सूत्र आपण पुढें उपयोगांत आणणार आहों.

क्रिकेटच्या नियमांत एक मोठें मार्मिक कलम आहे. बॅट धरलेला हात, अथवा त्या हातावरील हातमोजा, हा बॅटीचाच भाग समजावा, असें तें सांगतें. नियमकर्त्यांनीं तें झेल कोणता धरावा आणि कोणता नाहीं हें ठरविण्यासाठीं केलें. पण खेळाडूनेंहि तें मनांत बाळगण्यासारखें आहे. हात आणि बॅट एकजीव व्हावीं, हेंच रबराचें कार्य. तें तीन प्रकारांनीं घडतें. रबर घामानें ओल्या झालेल्या हातालाहि पकड देतें; धक्क्याचा कांहीं अंश आपल्या अंगावर घेतें; आणि दांड्याची जाडी हाताच्या मापाला आणून पोंचवितें. या तिहींपैकीं जाडीचा विचार सर्वांत आधीं करावयास हवा, कारण लोक त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष देतात.

जाडीनें काय होतें, हें समजण्यासाठीं घरांतील पेचकस आठवावा. बारीक मुठीच्या पेचकसानें घट्ट बसलेला स्क्रू फिरत नाहीं. जाड मुठीच्या पेचकसानें तोच सहज फिरतो. कारण हाताचा जोर मध्यापासून जितका दूर लागेल तितकी पिळण्याची शक्ति अधिक. बॅटीचें याच्या उलट बाजूनें तसेंच आहे. चेंडू पात्याच्या मध्यावर न लागतां कडेला लागला कीं पातें हातांत फिरूं पाहतें. मूठ फार बारीक असेल तर तें फिरणें थोपवितांना बोटांना विलक्षण जोर लावावा लागतो. बोटें मुठीभोंवतीं जरूरीपेक्षां अधिक वळतात, त्यांचीं टोंकें तळव्यांत रुततात, आणि मनगटापासून कोंपरापर्यंतचे स्नायू सतत ताणलेले राहतात. लांब खेळींत हात भरून येतो तो पुष्कळ वेळां याच कारणानें. कोंपराच्या बाहेरच्या बाजूस दुखणें राहूं लागलें तर मात्र रबर बदलून स्वस्थ बसूं नये. वैद्यकीय सल्ला घ्यावा.

मग मूठ जितकी जाड तितकी बरी काय? तसेंहि नाहीं. फार जाड मुठीवर बोटें पुरतीं मिटत नाहींत. बॅट बोटांत न राहतां तळव्यांत जाते आणि मनगट जखडल्यासारखें होतें. सरळ जोरकस फटका एक वेळ मारतां येईल. पण चेंडूला हलकेच दिशा देणें, उशिरां कट करणें, मनगटाच्या झटक्यानें तो पायाच्या बाजूस वळविणें, हीं नाजूक कामें अशा मुठीनें साधत नाहींत.

आणखी एक परिणाम तोलाचा आहे. दांड्यावर दुसरें रबर चढविलें तर बॅटीचें एकूण वजन सुमारें ५० ग्रॅमनें वाढतें. पण हें वजन हातांपाशींच पडत असल्यामुळें बॅटीचा तोल किंचित् वर सरकतो. त्यामुळें वस्तुतः जड झालेली बॅट उचलतांना हातांना मात्र पूर्वींपेक्षां जड वाटत नाहीं. कित्येकांना ती हलकीच वाटते. वेस्ट इंडीजचे भरदार शरीराचे कर्णधार क्लाइव्ह लॉइड आपल्या जड बॅटीच्या दांड्यावर एकाहून अधिक रबरें चढवीत असत, हें प्रसिद्ध आहे. त्यांचे हात मोठे, बॅटहि जड. त्यांना तें शोभलें. ज्याची मूठच लहान, त्यानें त्यांचें अनुकरण करणें म्हणजे थोरल्याचा जोडा धाकट्यानें पायांत घालणें होय.

आपल्या हाताला कोणती जाडी योग्य, हें पाहण्याची रीति सोपी आहे. दुकानांत जातांना हातमोजे बरोबर न्यावे, कारण खेळ मोजे घालूनच व्हावयाचा असतो, आणि मोज्याच्या जाडीनें सगळा हिशेब बदलतो. मोजे घालून वरच्या हातानें बॅट धरावी व सावकाश उचलावी. बोटांचीं टोंकें तळव्यांत घुसत असतील तर मूठ बारीक. बोटें अर्ध्यावरच थांबून पकड उघडी वाटत असेल तर मूठ जाड. मग दोन्ही हातांनीं बॅट धरावी. आंगठा आणि पहिलें बोट यांच्यामध्यें जो कोन होतो, तो दोन्ही हातांचा एका ओळींत यावा, आणि ती ओळ बॅटीच्या पाठीचा कणा व पात्याची बाहेरची कड यांच्या दरम्यान पडावी. हात या ठिकाणीं आपोआप बसत असतील तर मूठ मानवली असें समजावें. ओढून-ताणून बसवावे लागत असतील तर दुसरी पहावी. एक रबर कमी आणि दोन अधिक होतात असें वाटल्यास, दुसरें रबर कापून त्याचा अर्धाच भाग खालच्या हाताखालीं घालण्याचीहि चाल आहे.

येथें पालकांना एक विनंति आहे. मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे शिवतों. त्यांत काटकसर आहे आणि कांहीं बिघडत नाहीं. बॅट मात्र वाढत्या अंगाची घेऊं नये. मुलांच्या बॅटी क्रमांकवार मिळतात, आणि क्रमांक जितका लहान तितकी केवळ लांबीच नव्हे, दांड्याची जाडीहि कमी असते. मोठ्याची बॅट हातीं आलेला मुलगा वजन सांवरण्यासाठीं हात खालीं सरकवितो, खालच्या हातानें मूठ आवळतो, आणि ती संवय पुढें योग्य मापाची बॅट मिळाली तरी सुटत नाहीं. यावर कोणी सचिन तेंडुलकर यांचें उदाहरण देईल. लहानपणीं थोरल्या भावाची मोठी बॅट वापरल्यामुळें त्यांना दांडा अगदीं खालीं धरण्याची संवय लागली, आणि तरीहि त्यांनीं विक्रम केले, ही गोष्ट खरी आहे. पण तें त्यांच्या असामान्य प्रतिभेचें उदाहरण आहे. मोठ्या बॅटीच्या उपयुक्ततेचें नव्हे. तसेंच, बाउरल गांवीं बालपणीं डॉन ब्रॅडमन पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू आपटून तो नुसत्या स्टंपानें टोलवीत, हेंहि सांगितलें जातें, आणि तेंहि खरें आहे. परंतु तो सराव डोळ्यांचा व पायांचा होता. त्या स्टंपावर वेगवान गोलंदाजाच्या जड चेंडूचा तडाखा सोसावयाचा नव्हता.

जाडीनंतर पृष्ठभागाचा विचार. बाजारांत गुळगुळीतपणाकडे झुकणारीं बारीक ठिपक्यांचीं रबरें असतात, बाणाच्या टोंकासारख्या रेघांचीं असतात, आणि पेचदार उंचवट्यांचीं असतात. उंचवटे जितके ठळक तितकी पकड अधिक, पण हातमोज्याचा तळवाहि तितकाच लवकर झिजतो. कोरड्या हवेंत खेळणाऱ्यास मध्यम उंचवटे पुरेत. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत, आणि विशेषतः पावसाळ्यांत, ठळक उंचवट्यांचें रबर बरें. मुंबईंत १९४८ सालीं सुरू झालेली कांगा लीग ही पावसाळ्यांत खेळली जाणारी स्पर्धा म्हणून ख्यात आहे. ओल्या मैदानावर आणि ओल्या हातांनीं खेळणाऱ्याला रबराची किंमत वेगळी सांगावी लागत नाहीं. रंगाचा प्रश्न ज्याच्या त्याच्या आवडीचा. मुलांना तो फार महत्त्वाचा वाटतो. त्यांना तेवढा आनंद घेऊं द्यावा.

दांड्याचा आकार हा तिसरा मुद्दा. कांहीं दांडे गोल, तर कांहीं लंबगोल असतात. लंबगोल दांड्यावर पात्याचें तोंड कोणीकडे आहे, हें हाताला न पाहतां कळतें. गोल दांडा हातांत हवा तसा फिरवितां येतो. एक गंमत अशी कीं, गोल्फच्या खेळांत ही मुभा नाहीं. तेथें चेंडू छिद्रांत हलकेच ढकलण्याच्या पटर नांवाच्या काठीखेरीज बाकी सर्व काठ्यांच्या मुठी छेदांत गोलच असाव्या लागतात. फार तर लांबीच्या दिशेनें एक सरळ, किंचित् उंच शीर ठेवतां येते. क्रिकेटच्या नियमांनीं बॅटीची एकूण लांबी ३८ इंचांवर, म्हणजे ९६.५२ सेंटिमीटरवर नेऊं नये असें ठरविलें आहे, आणि मोठ्यांच्या बॅटीच्या दांड्याची लांबी एकूण लांबीच्या ५२ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली आहे. पण दांडा गोल कीं लंबगोल, हें खेळाडूच्या हातावर सोपविलें आहे. दांडा कसाहि असो, त्याचा आकार झांकून टाकील इतकें जाड रबर चढवूं नये.

आतां रबर केव्हां बदलावें तें सांगतों. वर्षांचा किंवा सामन्यांचा ठराविक हिशेब येथें लागू पडत नाहीं. चार खुणा पहाव्या. उंचवटे झिजून रबराला चकाकी आली. रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडल्या. दोन्ही हातांनीं पिळून पाहतां तें दांड्यावर फिरूं लागलें. अथवा खालच्या हाताच्या आंगठ्यापाशीं तें फाटलें. यांपैकीं एकहि खूण दिसली तरी बदलण्याची वेळ झाली. उन्हांत ठेवलेल्या बॅटीचें रबर लवकर म्हातारें होतें, मग ती वापरांत असो वा नसो.

प्रत्यक्ष कृतीस आरंभ जुनें रबर काढण्यापासून करावा. झिजलेल्या रबरावरच नवें चढविण्याचा मोह होतो. पण आंतलें रबर सरकूं लागलें कीं वरचेंहि त्याच्याबरोबर सरकतें, आणि खालच्या दोऱ्याची स्थिति दिसत नाहीं ती नाहींच. रबर मऊ असेल तर खालच्या टोंकापासून गुंडाळीत वर नेलें म्हणजे सुटतें. कडक झालें असल्यास कापावें लागतें. त्यासाठीं वस्तऱ्याचें पातें न घेतां बोथट टोंकाची लहान कात्री घ्यावी. तिचें टोंक रबराखालीं सरकवून पात्याकडून वरच्या टोंकाकडे कापीत जावें, आणि दोरा दुखावणार नाहीं याची काळजी घ्यावी. दोऱ्याचा एक वेढा तुटला तरी शेजारचे वेढे सैल होऊं लागतात.

नंतर मघांचें सूत्र आठवावें: अंगरखा उतरला, आतां देह तपासावा. दोऱ्याचा एखादा वेढा सैल दिसल्यास लांकडाला चालणारा सरस बोटभर लावून तो दाबून बसवावा व रात्रभर वाळूं द्यावा. बरेच वेढे गेले असतील तर कारागिराकडून दांडा पुन्हा बांधून घ्यावा. मग पातें घट्ट धरून दांडा पुढें-मागें अगदीं हळू लववून पहावा. निरोगी दांडा मुकाट्यानें लवतो. करकर असा आवाज आला, किंवा पात्याच्या सांध्यांत रेष उघडलेली दिसली, तर रबराचा विचार सोडून बॅट आधीं दुरुस्तीस द्यावी. सुंदर रबराखालीं मोडका दांडा लपविणें म्हणजे भेगाळलेल्या भिंतीला रंग देणें होय.

नवें रबर चढविण्यासाठीं दुकानदार लांकडाचा एक निमुळता ठोकळा वापरतात. त्याला कोन म्हणतात. तो घरीं असला तर काम सोपें होतें. रबराच्या आंत आणि कोनावर थोडी टाल्कम पावडर भुरभुरवावी. कोनाच्या निमुळत्या टोंकावरून रबर चढवून तें गुंडाळीत रुंद बुंध्यापर्यंत न्यावें. बुंध्याला खळगा असतो. तो दांड्याच्या माथ्यावर टेकवावा. एकानें बॅट उभी, घट्ट धरावी, आणि दुसऱ्यानें गुंडाळलेलें रबर दोन्ही तळव्यांनीं कोनावरून दांड्यावर लोटीत खालपर्यंत उलगडीत न्यावें. एका दमांत तें जात नसेल तर घाई करूं नये. मध्यें थांबून चारी बाजूंनीं सारखें ओढून घ्यावें. शेवटीं उंचवट्यांच्या रेघा सरळ उतरल्या आहेत कीं पीळ पडला आहे, हें डोळ्यासमोर बॅट धरून पहावें. पीळ राहिला तर खेळतांना रबर मूळ जागीं येऊं पाहतें आणि हाताखालीं हलतें. खालचें टोंक पात्याच्या खांद्यावर येत असेल तर तेवढें कापावें, आणि त्या कडेभोंवतीं चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावे. कोन नसेल तर उगाच झटापट करूं नये. खेळांच्या सामानाच्या दुकानांत हें काम थोड्या पैशांत आणि थोड्या वेळांत करून मिळतें.

एक इशारा येथेंच देतों. गोल्फच्या काठीवर मूठ बसवितांना दोन्ही बाजूंनीं चिकटणारी पट्टी लावून तिच्यावर द्रावक ओततात, म्हणजे मूठ सरकन् चढते, आणि द्रावक उडून गेल्यावर पक्की बसते. ती काठी पोलादाची किंवा कर्बतंतूंची असते म्हणून तें चालतें. बॅटीचा दांडा वेत, सरस व दोरा यांचा असतो. त्यावर द्रावक, साबणाचें पाणी किंवा तेल घालूं नये. पाणी दोऱ्याखालीं शिरून सरस सैल करतें. तेल रबर फुगवितें आणि कुजवितें. पात्याला जवसाचें कच्चें तेल लावतांनाहि तें सांध्याला व दांड्याला लागूं देऊं नये, तें याचसाठीं.

पुढील निगा अगदीं थोडी आहे. खेळून आल्यावर बॅट ओल्या मोज्यांसह पिशवींत कोंडूं नये. रबर किंचित् ओल्या फडक्यानें पुसावें, सांवलींत वाळवावें, आणि बॅट हवेशीर जागीं ठेवावी. मोटारीच्या तापलेल्या डिकींत ती दिवसभर टाकूं नये.

श्रोतेहो, मैदानावर उभ्या असलेल्या मुलापाशीं चेंडूकडे पहाण्यास क्षणाचाहि पुरता अवकाश नसतो. त्या क्षणांत त्याचें मन आपल्या हाताकडे जातां कामा नये. चांगल्या मुठीची परीक्षा हीच कीं, खेळतांना तिची आठवण होत नाहीं. नवी बॅट घेण्यासाठीं घरांत हट्ट चालू असेल, तर आधीं माळ्यावरची जुनी काढून तिची मूठ पहा. पातें शाबूत असेल तर एका नव्या रबरानें ती पुन्हा उभी राहील, आणि तें रबर चढवितांना एकानें बॅट धरण्यासाठीं घरांतील वडील मनुष्यहि मुलाच्या उपयोगीं पडेल.